पिवळ्या फुलीबाबत

९ फेब्रुवारी

प्रति,
प्रमुख, वारसा विभाग,
ज्या कंपनीत मी एकतीस वर्षे काढली ती कंपनी.

महोदया,

शनिवार, आठ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटे. ही वेळ लिहून ठेवा, कारण मीही ठेवली आहे. दंतवैद्याकडून परतताना, अर्धा जबडा बधिर असताना, मी समोरच्या दुकानाच्या काचेत माझी सही पाहिली.

पुढे लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपण माझ्या सख्ख्या भावाची नात आहात, आपल्याला घरी टिचकी म्हणतात आणि ते नाव मीच ठेवले आहे, हे सगळे या पत्रापुरते मी विसरले आहे. आपणही विसरावे. काम सोपे होईल.

आपल्या विभागात सगळे तिशीच्या आतले आहेत असे ऐकते, तेव्हा माझे काम काय होते ते आधी सांगते. कारखान्यात रेकॉर्डचा नवा घाणा निघाला की त्यातली एक रेकॉर्ड माझ्या खोलीत येई. खोली कपाटाएवढी. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आत एक स्टूल, एक यंत्र आणि मी. पांढरे हातमोजे घालून मी ती रेकॉर्ड पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत ऐकायची. गाणे ऐकायला बाकीचे जग होते. मला पगार मिळायचा तो खरखर ऐकण्यासाठी, मध्येच टक् करून जाणारी टिचकी पकडण्यासाठी. दोष सापडला की मधल्या कागदी गोलावर पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने फुली आणि फुलीखाली माझी शेपटीवाली सही. मग तो घाणा भरडायला जाई. दोष नसला तर रेकॉर्डवर काहीही लिहायचे नाही, तशीच परत द्यायची. चांगल्या मालावर खूण करत नाहीत.

काल काचेत होती त्या रेकॉर्डवर माझी फुली होती, शेपटीसकट. मी आत जाऊन दुकानदाराला विचारले. बधिर जबड्याने विचारल्यामुळे त्याने दोनदा "काय?" केले. मग म्हणाला, "आजी, ही नापास मालिका आहे. बाईंनी स्वतः नाकारलेल्या. आता मिळत नाहीत."

"कोण बाई?"

"होत्या कोणीतरी. फार कडक होत्या म्हणे. गेल्या."

मी रेकॉर्ड हातात घेतली. त्यावर साल यंदाचे. मला निवृत्त होऊन एकवीस वर्षे झाली. गाणारी कोण, ते छापलेले नाही. दुसरी बाजू संपूर्ण कोरी, आणि पैसे मात्र दोन्ही बाजूंचे.

जी रेकॉर्ड मी ऐकलेली नाही ती मी नापास केलेली नाही. एकतीस वर्षांत मी एकही फुली न ऐकता मारली नाही. मोठे साहेब दारात घाम पुसत उभे राहिले तरी नाही, आणि गायकाची आई रडत आली तरी नाही. त्या कारखान्यात माझ्या मालकीची एवढी एकच वस्तू होती. ती तुम्ही छापखान्यात टाकलीत.

सर्व रेकॉर्ड दुकानांतून परत घ्याव्यात. मी हयात आहे हेही त्या दुकानदाराला कळवावे.

आपली,
मुख्य श्रवण तपासनीस (निवृत्त)


१४ फेब्रुवारी

आदरणीय महोदया,

आपले पत्र मिळाले. आपल्या भावनांची कंपनीला पूर्ण कल्पना असून योग्य ती कार्यवाही सुरू आहे. आपण हयात असल्याचे दुकानदारास कळवण्यात आले आहे.

आत्याआजी, वरच्या तीन ओळी ऑफिसच्या. खालचं माझं. तू मला विसरलीस ते ठीक, पण मला तुला विसरणं जमत नाही. ऑफिसभर पिवळ्या फुल्या आहेत.

झालं असं. जुन्या गोदामात मागच्या भिंतीशी तीनशे रेकॉर्ड सापडल्या. सगळ्या तू नापास केलेल्या. भरडायला जायच्या त्या तिथल्या मुकादमाने दडवून ठेवल्या होत्या, का ते तोच जाणे. आम्ही गंमत म्हणून विकायला काढल्या. आठवड्यात संपल्या. लोक भांडले, आत्याआजी. एका माणसाने दुसऱ्याच्या हातातून ओढून घेतली आणि म्हणाला, "माझीत जास्त खरखर आहे असं मला वाटलं होतं."

आता पोरांना सगळं फोनवर मिळतं, धुतल्यासारखं स्वच्छ. ती कंटाळलीत. त्यांना दोष हवाय, आणि तोही कोणीतरी जाणत्या माणसाने हुडकलेला. स्वतःला ती नापासवाले म्हणवतात. पाठीवर पिवळी फुली असलेले सदरे घालतात. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र त्यांच्यातल्या कोणाकडेच नाही, रेकॉर्ड भिंतीवर टांगतात.

तीनशे संपल्यावर वरून हुकूम आला की नवीन नापास काढा. मग आम्ही खरखर विभाग उघडला. तिथे तीन माणसं आहेत. त्यांचा प्रमुख धूळ चाळून, वयाप्रमाणे बरण्यांत भरून ठेवतो आणि मोजून रेकॉर्डवर टाकतो. तू आयुष्यभर पुसलीस, तो शिंपडतो. पगार तुझ्यापेक्षा बराच जास्त आहे, हे मी लिहायला नको होतं.

काचेतली रेकॉर्ड ही या नव्या मालिकेतली पहिली. गायिका नवीन आहे. दुसरी बाजू कोरी आहे कारण तिच्याकडे एकच गाणं होतं. परत घेणं माझ्या हातात नाही. पण तू ती ऐकलीस का? सोबत एक प्रत पाठवते आहे. कशी वाटली ते जरूर कळव. म्हणजे खरखर कशी वाटली ते.

तुझी,
टिचकी


१८ फेब्रुवारी

महोदया,

ऐकली. हातमोजे घालून ऐकली.

आपल्या खरखर विभागाला माझ्या वतीने सांगावे की ही खरखर नव्हे. खरी धूळ कधी तालात येत नाही. ती येते तेव्हा पाहुण्यांसारखी येते, एकदम चौघे, मग बराच वेळ कोणी नाही. तुमची धूळ दर फेऱ्याला त्याच जागी हजेरी लावते, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी. शिवाय ओळीच्या शेवटी ज्या तीन टिचक्या घातल्या आहेत त्या तिन्ही एकाच मापाच्या आहेत. एका टिचकीसारखी दुसरी टिचकी नसते. एक भरीव, एक पोकळ, एक नुसती धमकी, असे असावे लागते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर म्हणत की खोटे बोलायचेच असेल तर निदान नीट बोलावे, म्हणजे आम्हाला पकडण्याचे समाधान मिळते. तुमच्या माणसाला पकडण्यात समाधानही नाही.

एकूण, खरखर म्हणून ही रेकॉर्ड साफ नापास.

आता दुसरी तक्रार. मी हयात आहे असे दुकानदाराला कळवा म्हटले होते. पत्ता कळवा असे म्हटले नव्हते. परवापासून माझ्या जिन्यात रांग आहे. मी दार उघडले तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, माझं काहीतरी नापास करा ना."

"काय नापास करू?"

"काहीही. हा स्वेटर मी स्वतः विणलाय."

स्वेटरची एक बाही कोपरापाशी संपत होती, दुसरी गुडघ्यापाशी. मी नापास केला. तिने माझे पाय धरले. मग एकाने तोंडाने वाजवायचा बाजा काढला, तो नापास केला. एक जोडपे आले. मुलगी म्हणाली, "आम्ही लग्न करतोय, ह्याला बघा." मी त्याला दोन प्रश्न विचारले आणि नापास केला. दोघेही हातात हात घालून आनंदाने खाली उतरले. एकाने दंडावर माझी सही गोंदवून घेतली होती. शेपटी डावीकडे वळवली होती. मी म्हटले, "उजवीकडे हवी." तो म्हणाला, "म्हणजे ही नापास?" आणि उड्या मारत गेला.

मी नोकरीला लागले तेव्हा फाटकाबाहेर तंग पँटीतली मुले उभी राहत. त्यांना रेकॉर्ड गरम असतानाच हवी असे, भजी असल्यासारखी. त्यांच्यामागून लांब केसांची आली, त्यांना गाणे भिंत हलेल इतके मोठे हवे होते. मग कॅसेटवाले आले, सुटलेली फीत बोटाने गुंडाळत बसणारे. नंतर कानात वायर घालून फिरणारे आले, ज्यांना हाक मारण्यात अर्थ नसे. प्रत्येक पिढीला आधीच्या पिढीचे गाणे म्हणजे नुसता गोंगाट वाटला, हे मी खिडकीतून पाहत आले. पण गाणे बाजूला सारून गोंगाटच भिंतीवर टांगणारी पिढी ही पहिलीच. तुमच्या कंपनीने त्यांना दुसरे काही दिले नसेल तर ती तरी काय करणार म्हणा.

रेकॉर्ड परत घेण्याबाबत आपण काहीच लिहिलेले नाही. लिहावे.

मुख्य श्रवण तपासनीस (निवृत्त)


२३ फेब्रुवारी

आत्याआजी,

तू हे काय करून बसलीस.

तुझं पत्र मी फायलीला लावलं, ते कायदा विभागात गेलं, आणि तिथून तासाभरात त्यांचे वकील स्वतः चालत वर आले. ते कधी चालत येत नाहीत. त्यांनी "साफ नापास" खाली लाल रेघ मारली होती.

"बाईंनी रेकॉर्ड ऐकली का?" त्यांनी मला विचारलं.

"ऐकली."

"हातमोजे घालून?"

"तसं लिहिलंय."

"आणि नापास केली?"

"हो, पण फुली आम्ही आधीच..."

"मग तक्रार कसली? फुली आधी झाली, निकाल नंतर लागला. नुसता क्रम चुकलाय. क्रम चुकणं हा गुन्हा नाही, नाहीतर आमचं अर्धं ऑफिस आत असतं."

म्हणजे आता फुली खरी आहे, आत्याआजी. तू स्वतः लेखी खरी केलीस. प्रत्येक रेकॉर्डबरोबर तुझ्या पत्राची एक प्रत देणार आहेत. खरखर विभागाच्या प्रमुखाने तुझं पत्र फ्रेम करून घेतलंय. "एका टिचकीसारखी दुसरी टिचकी नसते" हे वाक्य तो दिवसभर पुटपुटत असतो, काल जेवला नाही. तो तुला घाबरतो आणि तुला भेटायलाही मरतो.

तू एवढं सगळं लिहिलंस, धुळीला पहिल्या बाकावर बसवलंस, पण गाण्याबद्दल एक शब्द नाही. आवाजाबद्दलही नाही. म्हणजे दखल घेण्याइतकाही नसावा. असो. गायिकेला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे, अपेक्षा नव्हती.

टिचकी


२८ फेब्रुवारी

महोदया,

वकिलांना माझा नमस्कार सांगावा. ते कॉन्व्हेंटमध्ये असते तर सिस्टरांनी त्यांना रोज कोपऱ्यात उभे केले असते, आणि तिथूनही ते कोपराच गोल आहे असे सिद्ध करत राहिले असते.

ठीक आहे. मी नापास म्हटले की तुमचे फावते, तर यापुढे मी काहीही नापास करणार नाही. निवृत्त माणसाला निकाल देण्याचा अधिकार नसतो. मागचे पत्र म्हणजे एका म्हातारीची बडबड समजावी. जिन्यातल्या मंडळींसाठीही मी आता एकच शब्द ठेवला आहे. तो म्हणजे "छान".

हा शब्द मला सवयीचा नाही. सुरुवातीला जबडा दुखला, दंतवैद्याकडे पुन्हा जावे लागले. पण मी नेटाने म्हणते आहे. सोमवारी एकाने स्वतः रचलेले गाणे म्हटले. त्यात चाल नव्हती, ताल नव्हता, मध्ये त्याला उचकी लागली आणि तीच तेवढी सुरात होती. मी म्हटले, "छान." तो पायरीवर बसून रडला. "बाई, माझ्यात नाकारण्यासारखंसुद्धा काही नाही का?" मला उत्तर येत होते. ओठांवर आले होते. मी आत जाऊन पाणी प्यायले.

स्वेटरवाली दोन्ही बाह्या सारख्या करून आली होती. "छान," म्हटल्यावर तिने तिथल्या तिथे एक बाही उसवली आणि आशेने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "हेही छान." ती म्हणाली, "बाई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

रांग रोज कमी होते आहे. जिना धुऊन घेतला. घरात शांतता आहे, एवढी की भिंतीवरच्या घड्याळात किंचित खरखर आहे हे मला आत्ता कळले.

आपल्या गायिकेविषयी. मी तिच्याबद्दल काही लिहिले नाही, यावरून काही निष्कर्ष काढायला मी सांगितले नव्हते. आपल्या घरच्या माणसाला तरी माझी कामाची पद्धत माहीत असावी असे वाटले होते.

रेकॉर्ड परत घेण्याबाबत काय?

मुख्य श्रवण तपासनीस (निवृत्त)


६ मार्च

आत्याआजी,

सगळं कोसळलं. तू "छान" म्हणतेस ही बातमी फुटली आणि दोन दिवसांत नापासवाले फुटले. अर्धे म्हणतात, बाई थकल्या, संपलं. उरलेले म्हणतात, "छान" हाच बाईंनी दिलेला सगळ्यात मोठा नकार आहे, तो कळायला तयारी लागते. त्यांनी सदऱ्यावर फुलीच्या जागी "छान" छापून घेतलंय. दोन्ही गट दुकानासमोर उभे राहून एकमेकांच्या रेकॉर्डना छान म्हणत होते, त्यात एकाचा चष्मा फुटला.

दुकानदारांनी माल परत पाठवलाय. बाईच खऱ्या आहेत की नाही याची खात्री नाही, तर फुली काय चाटायची, असं म्हणतात. तुला हवं होतं तसंच झालं म्हणायचं. मालिका बंद. खरखर विभाग बंद, प्रमुख बरण्या घेऊन घरी गेला. आणि माझी ती रेकॉर्ड, आहे तेवढी सगळी, पंचवीस मार्चला भरडायला जाणार.

हो, माझी. गाणारी मी आहे, आत्याआजी.

नाव छापलं नाही कारण तू वाचलं असतंस. मी सात वर्षं इथे दुसऱ्यांच्या रेकॉर्डना पाकिटं शोधते. नव्या माणसाचं गाणं काढायला वर कोणी तयार होत नाही. मालिकेचा हुकूम आला तेव्हा मी म्हटलं, नापास म्हणून काढायचंच आहे तर माझं काढा. तसं ते गेलं. फुली काढणारा माणूसही शोधावा लागला नाही. मीच काढली. शेपटी पहिल्या फटक्यात जमली. जमणारच. लहानपणी माझी चित्रं मी तुला दाखवायला आणायचे, तेव्हा तू पर्समधून ती पेन्सिल काढायचीस. तीन पायांच्या बदकावर फुली, खाली सही. ते बदक अजून माझ्याकडे आहे. ते समोर ठेवूनच गिरवली.

तेव्हा तुझी सही खोटी करणारी बाहेरची कोणी नाही, हे तुला कळलेलं बरं. रागाव.

पण एक मार्ग आहे, वरच्यांनी सांगितलाय. तू एका रेकॉर्डवर स्वतःच्या हाताने, लोकांसमोर, खरी फुली मारलीस तर सगळं पुन्हा सुरू होईल. रेकॉर्ड भरडणार नाहीत, मला पुढची काढू देतील. खाली नाव माझं घालतील. मी तुला कधी काही मागितलं नाही. एक फुली मार, आत्याआजी. तुला ती कधी जड गेली नाही.

टिचकी


१६ मार्च

टिचके,

या पत्रापुरती तू मला आठवतेस.

आधी बदकाचे. बदकाला तीन पाय होते आणि तिसरा पाठीवर होता. ते आजही नापास आहे. माझ्या ऐंशीव्या वर्षी आणलेस तरी नापासच करेन, आणि तो दिवस फार लांब नाही. पण मला सांग, तू मला किती चित्रे दाखवलीस? बदकामागून मांजर आले, मांजरामागून एक जहाज आले, खिडकीत बसलेला तुझा आजोबा आला, त्याच्या नाकासकट. ती मी तुला परत दिली तेव्हा त्यांवर काही होते का? बघ जाऊन, जपली असशील तर. तू फुल्या तेवढ्या जपल्यास. कोऱ्या कागदांकडे कोणी बघत नाही, हा कारखान्यातलाही जुनाच अनुभव आहे.

आता झालेली हकिगत. बुधवारी दारात एक माणूस उभा, दोन्ही हातांत बरण्या. म्हणाला, "मी धुळीचा." मी आत घेतले. तुमचा खरखर विभागाचा प्रमुख. बिचारा माझ्यासमोर वाकून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, टिचकी पोकळ कशी करायची तेवढं सांगा, मग मी जातो." मी म्हटले, "ती करायची नसते, ती होते." तो खाली बसला. मग त्याने पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. धूळ टाकण्याआधी घाण्यातून काढलेली पहिली, स्वच्छ, लेबलवर फुलीही न छापलेली. "हिच्यावर मला हात चालवता आला नाही," म्हणाला, "म्हणून एक बाजूला ठेवली." म्हणजे तुमच्याकडेही एक मुकादम निघाला. प्रत्येक पिढीत कंपनीला एक बरा माणूस चुकून मिळतोच.

तुझी अट लोकांसमोर अशी होती. शनिवारी मी दोन्ही गटांना घरात बोलावले, फुलीवाले एकीकडे, छानवाले दुसरीकडे, मध्ये माझा चहाचा टेबल. चपला जिन्यात. यंत्र पुसले, सुई बदलली, हातमोजे घातले. त्यांच्यातल्या एकानेही रेकॉर्ड फिरताना पाहिली नव्हती. स्वेटरवालीने विचारले, "ही आपोआप थांबते?" मी म्हटले, "थांबते. तोवर तू थांब."

मग मी ऐकली. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत. मी फक्त दोष ऐकते हे तुला माहीत आहे, माझ्या कानाला दुसरी सवय नाही. दुसऱ्या कडव्याआधी तू श्वास घेतेस तो ऐकू येतो. मी तिथे सुई पुन्हा ठेवली. तो दोष नव्हे. तिथे माणूस आहे.

सुई उचलली. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी पर्समधून पिवळी पेन्सिल काढली, कारण ती मी अजून ठेवते. लेबल समोर धरले. तुझ्या वरच्यांना माझी खरी फुली हवी होती. ती मारली असती तर तुझी रेकॉर्ड वाचली असती, हे मला वाचता येते. मी तसे करणार नाही. ज्या रेकॉर्डमध्ये मला दोष सापडला नाही तिच्यावर मी एकतीस वर्षांत फुली मारली नाही, आणि नात्यातल्या मुलीसाठी मुळीच मारणार नाही. वशिला म्हणतात त्याला.

मी पेन्सिल पर्समध्ये परत ठेवली.

आधी कोणाला काही कळले नाही. मग दंडावर गोंदवलेला तो मुलगा हळू आवाजात म्हणाला, "बाईंनी मारली नाही." मागून कोणी विचारले, "म्हणजे काय?" धुळीचा माणूस बरण्या मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे पास." मग जे झाले ते मला आवडले नाही. सगळे एकदम उठले, टेबल हलला, एक कप फुटला, तो नापास करायलाही उरला नाही. सगळ्यांना तीच रेकॉर्ड हवी, पण वाजवून. यंत्र कुठे मिळेल म्हणून मला विचारत होते. मी त्यांना बाजारात पिटाळले. कोऱ्या लेबलची रेकॉर्ड कुठे मिळते, म्हणून ते उद्यापासून तुमच्या कंपनीच्या दारात उभे राहतील. रेकॉर्ड भरडायच्या यंत्रात जाण्याआधी त्यांनी गाठलेल्या बऱ्या. वकिलांना सांग, मी मारलेली फुली तुम्ही छापलीत. आता न मारलेली छापून दाखवा.

रेकॉर्ड सोबत परत पाठवते आहे. लेबल उजेडात धरून नीट बघ. त्यावर काहीही नाही.

मात्र माझी नऊ फेब्रुवारीची एक तक्रार अजून तशीच पडून आहे, आणि तिची दखल तू अद्याप घेतलेली नाहीस. दुसरी बाजू कोरी आहे. गायिकेकडे एकच गाणे होते, हे उत्तर मला मान्य नाही. दुसरे गाणे कोणते, आणि ते कधी ऐकायला पाठवतेस, ते ऑफिसच्या भाषेत नको, तुझ्या भाषेत, लेखी, एकतीस मार्च, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे. पेन्सिल टोकदार करून ठेवते आहे.

तुझी,
आत्याआजी